छप्पर आधी की व्ही

टेबलावर आडव्या ठेवलेल्या फळीत एकूण चौतीस खिळे होते. एकतीस मूळचे, चौकोनी माथ्याचे, गंजून काळे पडलेले. तीन नंतर कुणीतरी ठोकलेले, गोल माथ्याचे. खिळ्यांच्या चौकटीत गाईच्या कातड्याचा एक तुकडा होता, उंचीला दोन फूट, रुंदीला त्याहून थोडा कमी, केसांची बाजू बाहेर. केस निम्म्याहून जास्त झडलेले. मधोमध तापल्या लोखंडाने दिलेला मालकीचा डाग. चार रेघांचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा, एक टोक वर आणि एक खाली. फळीच्या वरच्या पट्टीवर, पाटीसारखी, पांढऱ्या रंगात अक्षरं होती: ‘आमच्या व्हीवर ईझ्रा पिल्चरने आपलं छप्पर चढवलं. मे १८८९.’

पशुपालक संघाच्या हॉलमध्ये त्या टेबलाभोवती माणसं चार. जनावरांच्या डागांचा सरकारी तपासनीस लायल बीचम हातात पक्कड घेऊन उभा होता. त्याच्या समोर ऑर्विल टेनब्रुक, पशुपालक संघाचा अध्यक्ष. खोऱ्यातल्या निम्म्या गाईंच्या मांडीवर ज्याचा व्ही आकाराचा डाग असे, त्या टेनब्रुक रँचचा मालक. खिडकीजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर घोंगडी घेतलेली ड्रूसिला पिल्चर. फळीवर ज्याचं नाव होतं, आणि उलट्या व्हीचं ‘छप्पर’ हा ज्याचा डाग, त्या ईझ्राची मुलगी, वय शहाऐंशी. आणि चौथी लिओटा हॅस्क्यू, जिच्यामुळे ही फळी ब्याऐंशी वर्षांनी भिंतीवरून खाली आली होती.

“अजून विचार करा, लेखिकाबाई,” टेनब्रुक म्हणाला. “खिळे उपटले की परत त्याच भोकांत बसत नाहीत.”

“मी गेलं वर्षभर विचारच करतेय, ऑर्विल.”

“तेच तर. विचार करायचे पैसे मिळतात तुम्हाला. आम्हाला कामाचे मिळतात.”

लायल हसला नाही. त्याने पहिला खिळा पकडीत धरला.

लिओटाने एकोणतीस पुस्तकं लिहिली होती आणि एकावरही तिचं नाव नव्हतं. पहिलं तिने सदतीस साली लिहिलं. दुष्काळात गुरं विकली होती, शाळेचा पगार तीन महिने थकला होता, आणि नवऱ्याने धान्याच्या कोठारात काम धरलं होतं. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने कळवलं की गोळीबार उत्तम जमलाय, नाव तेवढं बदला. बाईने लिहिलेला गोळीबार कोण विकत घेणार? म्हणून ती डेस रड झाली. मागच्या पानावर फोटो तिच्या दिराचा, टोपी घालून घोड्यावर बसलेला. दीर घोड्याला इतका घाबरायचा की फोटो काढताना घोड्याचे पुढचे दोन्ही पाय बांधावे लागले होते. तेवीस पुस्तकं त्या फोटोखाली निघाली, सगळी पिस्तुलांची, कळपांची, टपालगाड्यांची. मग सहा वेगळी लिहिली. तीच खोरी, तीच धूळ, पण आता पुस्तकभर एकच जुना खून आणि तो कुणी केला हे विचारत फिरणारा एक माणूस. ती पहिल्या तेवीसांपेक्षा कमी खपली, पण लिहिताना तिला झोप लागायची नाही, आणि त्यावरून तिने ओळखलं की आपलं काम हे आहे.

तिसावं पुस्तक ईझ्रा पिल्चरचं होतं, आणि त्यावर तिला स्वतःचं नाव हवं होतं. प्रकाशक नावाला तयार झाला. अडलं वेगळ्याच ठिकाणी. पुस्तकातला शोधणारा माणूस शेवटी असं सांगतो, की त्या गाईवर पिल्चरचं छप्पर आधीपासून होतं आणि टेनब्रुकच्या माणसांनी त्याखाली व्ही डागून त्याला चोर ठरवला, फासावर दिला. नावं बदलली होती, पण खोऱ्यातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. टेनब्रुकच्या वकिलाने नोटीस धाडली. संपादक फोनवर सरळ बोलला: एक तर पुरावा आणा, नाही तर त्या माणसाची संमती. दोन्ही नसेल तर हे बाजूला ठेवू आणि रडचं नवीन काहीतरी द्या, रड अजून खपतो.

म्हणून ती मागच्या आठवड्यात टेनब्रुककडे गेली आणि म्हणाली, कातडं उलटून बघू.

गुरांच्या मुलखात यात नवं काही नव्हतं. डाग वरून कसाही दिसो, कातड्याची आतली बाजू लपवाछपवी करत नाही. जुना डाग भरून येतो तेव्हा आतून कडक वळ उठतो. ताजा डाग, जनावर लगेच मारलं असेल तर, नुसता काळा राहतो. वळ व्हीचा निघाला तर गाय टेनब्रुकची आणि पिल्चर चोर. वळ छपराचा निघाला, म्हणजे उलट्या व्हीचा, तर गाय पिल्चरची. एवढं सोपं असून ब्याऐंशी वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण गाय मारून तुकडा त्याच दिवशी फळीवर ठोकला होता. लिओटाच्या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता: इतकी घाई का?

टेनब्रुकने जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, दहा माणसांदेखत तिचं म्हणणं ऐकलं होतं. “बघू की,” तो म्हणाला होता. “छपराचा वळ निघाला तर मी स्वतः फळी उतरवतो आणि संमतीवर सही करतो. व्हीचा निघाला तर पुस्तक जाळायचं. आणि रडची पुढची पाच मला फुकट.” त्याच्याकडे रडची सगळी पुस्तकं होती. डेस रड म्हणजे शाळेत शिकवणारी लिओटाबाई, हे त्याला याच हिवाळ्यात कळलं होतं, आणि ते त्याने अजून माफ केलं नव्हतं.

सव्विसाव्या खिळ्याशी लायल थांबला. “हा तुटणार.”

“तुटू दे,” लिओटा म्हणाली.

“कातडं फाटलं तर?”

“फाटलं तर तुमचा दोष, लेखिकाबाई,” टेनब्रुक म्हणाला. “मग काय, वळ कल्पनेने काढाल. तुम्हाला ते जमतंच.”

“अरे पोरा,” खिडकीजवळून ड्रूसिला म्हणाली, “तुझा आजा पण असाच बोलायचा. बोलणं संपेपर्यंत समोरच्याचा जीव जायचा.”

टेनब्रुक त्रेसष्ट वर्षांचा होता. पोरा म्हटल्यावर त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “मिस ड्रू, तुमच्याशी माझं भांडण नाही.”

“फळीवर माझ्या बापाचं नाव आहे. मग कुणाशी आहे?”

बाहेर मार्चचा वारा पत्र्याला लागत होता. लायलने खिळ्याखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि हळूहळू दाबला. खिळा अखंड वर आला.

शेवटचा खिळा निघाल्यावर लायलने कातडं उचललं नाही. खिशातून खडू काढला, केसांच्या बाजूला अगदी वरच्या कडेशी ‘वर’ असं लिहिलं, आणि कातडं उलटल्यावर आतल्या बाजूला त्याच कडेशी पुन्हा ‘वर’ लिहिलं. “नंतर वाद नको,” तो म्हणाला. मग ओलं फडकं आतल्या बाजूवर पसरलं आणि सगळे वाट पाहत बसले.

वाट पाहणं लिओटाला जमायचं. पुस्तकात ती वाचकाला असंच ताटकळत ठेवायची, दाराची कडी वाजवायची आणि प्रकरण संपवायची. पण तिथे दारामागे कोण आहे ते तिला ठाऊक असायचं. आज नव्हतं. तिच्याकडे पुरावा म्हणावं असं एकच होतं, आणि ते खुर्चीत बसलं होतं. ड्रूसिला तेव्हा चार वर्षांची होती. ती सांगायची की ती तांबडी गाय आमच्या दारातली, मी तिचं दूध प्यायलेय. चार वर्षांच्या मुलीने पाहिलेलं, शहाऐंशी वर्षांच्या बाईने सांगितलेलं. लिओटाने त्यावर तीनशे दहा पानं लिहिली होती.

लायलने फडकं काढलं. आतली बाजू पिवळट, मांसाच्या सुकलेल्या पापुद्र्यांनी खडबडीत झाली होती. त्याने बोथट सुरीने हलके हलके खरवडलं. चारही रेघा दिसू लागल्या. त्याने मान खाली घातली, मग बोट फिरवलं, मग दिवा जवळ ओढून पुन्हा बोट फिरवलं.

“दोन रेघांना वळ आहे,” तो म्हणाला. “दोन सपाट, नुसत्या जळलेल्या. म्हणजे डाग दोनदा दिलेत. अंतर चांगलंच आहे, वर्षाचं तरी.”

“कुठल्या दोन?” लिओटाने विचारलं. तिला दिसत होतं. तरी विचारलं.

लायलने खडूच्या खुणेकडे पाहिलं. “वळ खालच्या दोन रेघांना. वरच्या दोन ताज्या.”

खालच्या दोन रेघा म्हणजे व्ही. व्ही जुना. छप्पर नंतरचं.

टेनब्रुकने टोपी उचलून डोक्यावर घातली. तो खूश झालेला दिसला नाही. रात्रभर गाभण गाईपाशी बसून सकाळी वासरू जिवंत निघालं की माणूस जसा दिसतो, तसा दिसला. “बरं,” तो म्हणाला. “झालं एकदाचं. मिस ड्रू, मला वाईट वाटतं.”

“मी तिचं दूध प्यायलेय,” ड्रूसिला म्हणाली.

“असेल. पण आमच्या गाईचं.”

लिओटा टेबलाला धरून उभी होती. संपादकाला काय सांगायचं याचं वाक्य मनात आपोआप तयार झालं. रडचं नवीन काहीतरी. तिने स्वतःला विचारलं, की पुस्तकात हा प्रसंग आला असता तर तू काय केलं असतंस? तिने आधी माणसं कुठे उभी आहेत ते ठरवलं असतं. गोळीबार लिहिताना ती नेहमी तेच करायची: कोण कुठे, कुणाचं तोंड कुठे, सूर्य कुणाच्या डोळ्यांत. ते ठरल्याशिवाय एक गोळी सोडायची नाही. म्हणून तिने डोळ्यांसमोर गाय आणली. पाय बांधून आडवी पाडलेली. माणूस वाकून डागणी टेकवतोय. तो कुठे उभाय? पाठीच्या बाजूने की पोटाच्या?

तिने कातड्याकडे पाहिलं. तिला सांगता येईना.

“लायल,” ती म्हणाली, “गाईची पाठ कुठे आहे?”

“म्हणजे?”

“हा तुकडा मांडीचा आहे. याच्या एका कडेला पाठ होती, एका कडेला पोट. पाठ कुठली?”

लायलने खडूवर बोट ठेवलं. “वर.”

“ती फळीची वरची बाजू. तू तिथे ‘वर’ लिहिलंस कारण पाटीवरची अक्षरं तिथे आहेत. गाईची वरची बाजू कुठली?”

टेनब्रुक दाराकडे वळला होता तो थांबला. “लेखिकाबाई, ठरल्याप्रमाणे झालं. आता फाटे फोडू नका.”

“फाटे नाहीत. चौकट उलटी केली तरी चौकटच दिसते, ऑर्विल. अर्ध्या भागाचं तसं नाही. तुकडा उलटा ठोकला असेल तर खालचा व्ही म्हणजे गाईच्या अंगावरचं छप्पर.”

“उलटा कोण ठोकेल?”

“ज्याने ठोकला त्याला विचारलंय का कुणी?”

“माझ्या आज्याने ठोकला. त्याने हजारो गुरं डागली.”

“हजारो उभी गुरं पाहिली. पायांवर उभं जनावर कसं वाचायचं हे इथल्या प्रत्येकाला येतं, अर्ध्या मैलावरून. हातात नुसता चौकोनी तुकडा आला तर कुठली कड वर धरायची, हे कुणाला कधी शिकावंच लागलेलं नाही. मलाही नाही. मी हा तुकडा वर्षभर बघतेय आणि मला आत्ता सुचलं.”

लायलने कातडं परत केसांच्या बाजूवर उलटलं. एका कोपऱ्यात, खिळ्याच्या माथ्याखाली दबून राहिलेला केसांचा एक झुपका होता. केसांची टोकं पाटीच्या दिशेला होती. “जनावराचे केस खाली वळतात,” तो हळूच म्हणाला. “हे वर वळलेत.”

“ब्याऐंशी वर्षं लोक त्यावर ब्रश मारतायत,” टेनब्रुक म्हणाला. “माझी आत्या दर नाताळात खालून वर झाडायची. मी पाहिलंय. केस ब्रशने वळवाल तसे वळतात.”

“खिळ्याखाली ब्रश जातो?” ड्रूसिलाने विचारलं.

“मिस ड्रू, एका झुपक्यावर मी माझ्या आज्याला खोटारडा म्हणणार नाही.”

हे बोलणं रास्त होतं, आणि लिओटाला ते पटलं. एका झुपक्यावर तिच्या पुस्तकातल्या माणसानेही निकाल दिला नसता. ती टेबलाला वळसा घालून टेनब्रुकच्या बाजूला गेली. त्याच्या पट्ट्यापासून लगामापर्यंत सगळं तो स्वतः करतो, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यात त्याच्या कोठारात कातड्याचा वास भरलेला असायचा.

“ऑर्विल,” ती म्हणाली, “लगामाची पट्टी तू कातड्याच्या कुठल्या भागातून काढतोस?”

“पाठीकडून.”

“पोटाकडून का नाही?”

“पोटाकडचं पातळ. ताणलं की लांबतं. घोड्याने एक झटका दिला तर...” तो थांबला.

टेनब्रुकने टेबलावरच्या कातड्याकडे पाहिलं, आधी एका कडेकडे, मग दुसऱ्या. लायलचा हात पेटीकडे गेला होता. त्याने जाडी मोजायचं स्क्रूचं पितळी माप काढलं, इंचाचा हजारावा भाग दाखवणारं, आणि ते कुणाकडे द्यावं हे न कळून हातातच धरून ठेवलं.

“तू मोज,” लिओटा त्याला म्हणाली.

“नाही,” टेनब्रुक म्हणाला.

लिओटाला वाटलं, आता हा निघून जाणार. गेला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं. हॉल संघाचा, संघ त्याचा, आणि ठरलं होतं ते अक्षरशः पार पडलं होतं. वळ व्हीचा, असं लायल स्वतःच्या तोंडाने बोलून बसला होता. उद्या दुकानात एवढं सांगितलं तरी पुरे.

“तो मोजणार नाही,” टेनब्रुक म्हणाला. “तो या खोऱ्यातला नाही. उद्या म्हणतील बाहेरच्या माणसाने मोजलं.” त्याने हात पुढे केला. “आण ते.”

“मालक, मी इथे अकरा वर्षं आहे,” लायल म्हणाला.

“तेच म्हणतोय मी.”

लायलने माप दिलं. टेनब्रुकने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कातडं ओलं होऊन थोडं मऊ पडलं होतं. खिळ्यांच्या भोकांपाशी मोजून उपयोग नव्हता, तिथे ते चिरडलेलं होतं, म्हणून दोन भोकांमधली जागा त्याने शोधली, बोटाने चाचपली, खरवडल्याचे कण फुंकरीने उडवले.

“ओलं झाल्यावर फुगतं,” तो म्हणाला.

“सगळं सारखंच ओलं आहे,” लायल म्हणाला. “फडकं एकच होतं.”

“माहितेय मला. मी नुसतं सांगितलं.”

त्याने वरच्या कडेला, डाव्या कोपऱ्यापासून चार बोटं आत, मापाचे जबडे लावले आणि स्क्रू फिरवला. आकडा वाचला, पण बोलला नाही. मध्ये लावलं. उजवीकडे लावलं. मग कातडं न फिरवता स्वतः टेबलाच्या पलीकडे गेला, ड्रूसिलाच्या खुर्चीच्या बाजूला, आणि खालच्या कडेला तशाच तीन जागा शोधल्या. पहिल्या जागी त्याने दोनदा मोजलं. दुसऱ्या जागी स्क्रू सैल करून, माप हातात कोरडं पुसून, परत लावलं.

ड्रूसिलाने घोंगडी गुडघ्यांवरून काढली होती. तिला आकडे दिसत नव्हते. ती टेनब्रुकच्या अंगठ्याकडे पाहत होती.

“बोल की,” ती म्हणाली. “तुझ्या आज्यासारखा वेळ लावू नकोस.”

“थांबा, मिस ड्रू. एक जागा राहिलीय.”

तिसऱ्या जागी त्याने माप लावलं, स्क्रू फिरवला, वाकून पाहिलं. मग सरळ उभा राहिला आणि लायलकडे न बघता म्हणाला, “लिहून घे.”

लायलने खिशातून पेन्सिल काढली. लिहायला काही सापडेना, तेव्हा त्याने रिकाम्या फळीवरच, पांढऱ्या अक्षरांखाली, पेन्सिल टेकवली.

“पाटीकडची कड,” टेनब्रुक म्हणाला. “एकशे नऊ. एकशे बारा. एकशे दहा.”

“हं.”

“खालची कड. एकशे एकाहत्तर. एकशे अडुसष्ट. एकशे सत्तर. पाठ खाली आहे, तुकडा उलटा.”